मधला दुभाषी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी आठवी ते दहावी अशी तीन वर्षे मराठी शिकलो. ज्या व्यासपीठाकडे शेवटच्या बाकावरून पाहिले, तेथे आज उभे राहताना संकोच वाटतो. त्यातून माझा व्यवसाय संगणकाचा. या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय झाले. त्या पंक्तीत माझा विषय कितपत शोभेल, अशी शंका मी चालकांकडे बोलून दाखविली. ते म्हणाले, 'तुम्ही आयुष्यभर जे केले, तेच सांगा.' म्हणून आज मी 'मिडलवेअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण सामान्य माणसाला कधीच न दिसणाऱ्या एका यंत्रणेविषयी बोलणार आहे. तिला मी मध्यस्थ प्रणाली म्हणेन. दोन संगणकव्यवस्थांच्या मध्ये उभे राहून एकीचे म्हणणे दुसरीला कळेल अशा रूपात पोहोचविणे, हे तिचे काम. थोडक्यात, ती दुभाषी आहे.

या विषयाचे बी मात्र याच इमारतीत पडले. गुरुजी वर्गात एक खेळ घेत. एका मुलाला हिंदी उतारा देऊन त्याचे मराठी भाषांतर करावयास सांगत. ते भाषांतर दुसऱ्या मुलाच्या हाती जाई. मूळ उतारा न पाहता त्याने ते पुन्हा हिंदीत करावयाचे. मग दोन्ही हिंदी उतारे शेजारी ठेवून मोठ्याने वाचले जात. मूळ उताऱ्यातील 'शिक्षा' मराठीत तशीच राहिली, तर दुसरा मुलगा तिचा 'दंड' करून टाकी. 'चेष्टा'चा प्रयत्न सोडून थट्टा होई, आणि 'आपत्ति' म्हणजे हरकत ही संकट होऊन परत येई. वर्गात हशा पिके. गुरुजी स्वतः हसत नसत. ते म्हणत, 'जो शब्द ओळखीचा वाटतो, तोच जास्त फसवतो.' इंदुरात राहणाऱ्या मराठी मुलांना हा धडा फार कामाचा होता. मला तो पुढे चाळीस वर्षे पोटाला पुरला.

प्रथम ही यंत्रणा लागते कशासाठी, ते पाहू. एखाद्या मोठ्या कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या नोंदींची एक व्यवस्था असते, पगाराची दुसरी, हिशेबाची तिसरी, बँकेशी बोलणारी चौथी. त्या वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या भाषांत घडविलेल्या असतात. समजा अशा दहा व्यवस्था आहेत आणि प्रत्येकीला उरलेल्या नऊ जणींशी थेट बोलावयाचे आहे. तर जाण्याचे आणि येण्याचे मिळून ९० दुभाषी लागतील. व्यवस्था वीस झाल्या, तर ३८०. यावर उपाय असा की, मध्ये एक सर्वमान्य बोली ठरवावी. प्रत्येक व्यवस्थेने आपले म्हणणे त्या बोलीत सांगावे व त्या बोलीतूनच ऐकावे. मग दहा व्यवस्थांना २० दुभाषी पुरतात आणि वीस व्यवस्थांना ४०. मध्यस्थ प्रणालीचा सारा संसार या साध्या गुणाकारावर उभा आहे.

आता एका संदेशाचा प्रवास पाहू. संदेश म्हणजे एक पाकीट समजा. वर पत्ता, आत मजकूर. पाकिटावर कोणाकडून, कोणाकडे, कोणत्या प्रकारचा मजकूर, केव्हा निघाला आणि त्याचा ओळखक्रमांक काय, हे लिहिलेले असते. मध्यस्थ प्रणालीत पाकीट आले की पहिले काम ते जपून ठेवण्याचे. ते रांगेत लावले जाते आणि कायमस्वरूपी साठ्यावर लिहिले जाते, म्हणजे वीज गेली तरी हरवू नये. समोरची व्यवस्था त्या क्षणी बंद असली तरी चालते. ती जागी झाली की रांगेतून आपली पाकिटे उचलते. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज उरत नाही. अशा रांगा सांभाळणारे आयबीएमचे 'एमक्यूसिरीज' १९९३ साली बाजारात आले, आणि त्यानंतर ही पद्धत बँका व मोठी कार्यालये यांतून पसरत गेली.

दुसरे काम तपासणीचे. पाकिटात हव्या त्या सर्व गोष्टी आहेत का, रकमेच्या जागी रक्कम आणि तारखेच्या जागी तारीखच आहे का, हे पाहिले जाते. तिसरे काम रूपांतराचे. त्याकडे मी लवकरच वळतो. चौथे काम वाट ठरविण्याचे. निवृत्तिवेतनाचा संदेश एका खिडकीकडे, बदलीचा दुसऱ्या खिडकीकडे, आणि काही संदेशांच्या प्रती दोन्हीकडे. पाचवे काम पोहोचविण्याचे आणि पोच घेण्याचे. ग्रेगॉर होप आणि बॉबी वूल्फ या दोघांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा कामांचे नमुने नावे देऊन नोंदविले. सुतारांमध्ये जशी सांध्यांना नावे असतात, तशी आमच्या धंद्याला त्यामुळे नावे मिळाली.

या पाच कामांत माझ्या मते सर्वांत नाजूक काम रूपांतराचे. ते तीन थरांवर चालते.

पहिला थर मांडणीचा. एका व्यवस्थेत पूर्ण नाव एकाच रकान्यात असते, दुसरीत तीन रकान्यांत. जगभरच्या बँका ज्या 'स्विफ्ट' संस्थेमार्फत एकमेकींना संदेश धाडतात, ती १९७३ साली स्थापन झाली आणि १९७७ पासून तिचे जाळे चालू झाले. तिच्या जुन्या पद्धतीत पैसे घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासाठी ३५ अक्षरांच्या चार ओळी असत. नव्या पद्धतीत रस्ता, गाव, देश यांना स्वतंत्र जागा आहेत. मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात सीमापार देयकांसाठी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या आणि मधल्या दुभाष्यांना दोहोंमध्ये ये-जा करावी लागली. मोठ्या घरातील सामान लहान घरात हलविताना जे होते, तेच येथे होते. काहीतरी बाहेर राहते. काय बाहेर ठेवावे, हे कोणीतरी आधी ठरवावे लागते.

दुसरा थर चिन्हांचा. एका ठिकाणी स्त्रीसाठी 'स्त्री' लिहितात, दुसरीकडे २ हा अंक. एकीकडे ०५/०६ म्हणजे पाच जून, दुसरीकडे सहा मे. यासाठी कोष्टक तयार करावे लागते: डावीकडे यांचा शब्द, उजवीकडे त्यांचा. हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली जो 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला, त्यात दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दफ्तराची भाषा बदलावयाची तर आधी कोष्टक हवे, हे सतराव्या शतकातील मुत्सद्द्यांना कळले होते. आमचा धंदा त्या कोशकारांच्याच कुळातला आहे, असे मी विनोदाने नव्हे, अभिमानाने म्हणतो.

चिन्हे बदलताना अर्थ कसा निसटतो, हे आपल्याच लिपींवरून दाखवितो. होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या दफ्तरांत मोडी कागदांचे ढीग आहेत. मोडीत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद पाळला जात नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हे मोडीत सारखेच दिसतात. बालबोधातून मोडीत जाताना अडचण नाही; परत येताना मात्र लेखनिकाला संदर्भावरून ठरवावे लागते की, येथे दिवस आहे की गरीब. एकदा गाळलेला भेद नुसत्या नियमाने परत मिळत नाही. संगणकातही हेच. दुसरे उदाहरण त्याहून जवळचे. मराठीत डोंगराच्या 'दऱ्या' वेगळ्या आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' वेगळा. 'आचाऱ्यास' बोलाविणे वेगळे आणि 'आचार्यास' बोलाविणे वेगळे. हा अर्धा र संगणकात लिहिण्याची एक रीत अशी की, अक्षरांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालावयाचे. मधल्या एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा असे समजून ती झाडून टाकली, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाकाचे निमंत्रण आचार्यांना जाते. झाडणाऱ्याची काही दुष्ट बुद्धी नसते. त्याला मराठी ठाऊक नसते, एवढेच.

तिसरा थर अर्थाचा, आणि गुरुजींची 'शिक्षा' येथेच भेटते. दोन व्यवस्थांत रकान्याचे नाव एकच, पण अर्थ वेगळा. 'स्थिती' या रकान्यात एकीकडे माणूस सेवेत आहे की निवृत्त, हे असते. दुसरीकडे त्याचे खाते चालू आहे की बंद, हे असते. 'रक्कम' एकीकडे कर कापण्यापूर्वीची, दुसरीकडे कापल्यानंतरची. या थरावरची चूक यंत्राला पकडता येत नाही, कारण आकड्याच्या जागी आकडाच असतो. याचे जगाला परिचित झालेले उदाहरण अमेरिकेच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या यानाचे. ११ डिसेंबर १९९८ रोजी ते सुटले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी नष्ट झाले. यानाच्या लहान इंजिनांनी दिलेल्या धक्क्यांचे आकडे पृथ्वीवरील एक संगणक-कार्यक्रम पौंड-सेकंदांत लिहीत होता, आणि ते वाचणारा दुसरा कार्यक्रम त्यांना न्यूटन-सेकंद समजत होता. दोन मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक. प्रत्येक आकडा स्वच्छ, प्रत्येक पाकीट वेळेवर. फक्त मापाचा अर्थ दोघांनी वेगळा धरला होता. महिनोन्‌महिने साचलेल्या त्या फरकाने यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले.

आता पोचेविषयी दोन शब्द. मी आपणांस पाच हजार रुपये जमा करण्याचा संदेश पाठविला आणि पोच आली नाही. याचे दोन अर्थ संभवतात. संदेश पोहोचलाच नाही. किंवा संदेश पोहोचला, पैसे जमा झाले, आणि परतीच्या वाटेवर पोच हरवली. पाठविणाऱ्याला या दोहोंतील भेद कळण्यास मार्ग नाही. पुन्हा पाठवावे तर दुप्पट पैसे जाण्याची भीती. न पाठवावे तर काहीच न जाण्याची. यातून सुटण्याचा मार्ग ओळखक्रमांकाचा. त्याच क्रमांकाने संदेश पुन्हा पाठवावयाचा आणि घेणाऱ्याने आपल्या वहीत पाहावयाचे. तो क्रमांक आधी आला असेल, तर पैसे पुन्हा जमा न करता फक्त पोच पुन्हा द्यावयाची. दहा वेळा सांगितले तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी ही योजना. आपण रोज भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवितो, तेव्हा प्रत्येक व्यवहारामागे असा एक क्रमांक असतो.

परंतु पोच कोणाची, हा प्रश्न उरतोच. रजिस्टर टपालाच्या काळात टपालघराच्या खिडकीवर एक पावती मिळे, ती टपालखात्याची. गुलाबी-पिवळट कार्डावर घेणाऱ्याची सही होऊन येई, ती पोच निराळी. या दोन कागदांतील फरक मी शाळकरी वयापासून जाणत होतो. तरीही माझ्या हातून जी चूक झाली, ती नेमकी येथेच. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या कार्यालयासाठी मध्यस्थ प्रणाली उभारली. निवृत्तांच्या नोंदी एका बाजूला, पैसे देणारी व्यवस्था दुसऱ्या बाजूला. नावाचे रूपांतर करण्याचे कोष्टक मी स्वतः लिहिले. पहिला शब्द स्वतःचे नाव, दुसरा वडिलांचे किंवा पतीचे, तिसरा आडनाव. माझ्या घरात, माझ्या आळीत, या शाळेच्या हजेरीपटावर नावे अशीच होती. ज्या शहरात माझ्या चार पिढ्या गेल्या, तेथील बहुसंख्य शेजारी मधले नाव लावीत नाहीत, हे मी रोज पाहत होतो; पण कोष्टक लिहिताना मला ते दिसले नाही. परीक्षेसाठी आम्ही जी नावे घेतली, ती आमच्याच ओळखीतली. सारी तीन शब्दांची.

ज्यांचे नाव दोन शब्दांचे, त्यांचे आडनाव 'मधले नाव' झाले आणि आडनावाचा रकाना रिकामा राहिला. पुढची व्यवस्था असा संदेश घेत नव्हती. न स्वीकारलेले संदेश हरवू नयेत म्हणून त्यांच्यासाठी एक वेगळी रांग असते. आमच्या धंद्यात तिचे नाव 'मृत पत्रांची रांग'. पूर्वी टपालखात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी स्वतंत्र कचेरी असे, त्यावरून हे नाव आले. परंतु त्या कचेरीत माणूस बसे. तो पत्र उघडून पाही, पाठविणाऱ्याचा माग काढी. आमच्या रांगेपाशी कोणीच बसलेले नव्हते. ती रोज कोणी पाहावयाची, हे करारात नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

एक निवृत्त शिक्षिका पाच महिने त्या कार्यालयाच्या खिडकीपाशी येत होत्या. खिडकीवरचा कारकून पडद्याकडे पाहून सांगे, 'इकडून पाठविले आहे.' ते खरे होते. आमच्या प्रणालीने पाकीट ताब्यात घेतल्याची पावती त्याच्या पडद्यावर हिरवी दिसत होती. त्या दुसऱ्या कार्यालयात जात. तेथे उत्तर मिळे, 'आमच्याकडे काही आलेले नाही.' तेही खरेच होते. दोन्ही खिडक्या खरे बोलत होत्या, आणि दोहोंच्या मध्ये माझे यंत्र मौन धरून होते. शेवटी एका तरुण कर्मचाऱ्याने हट्टाने आम्हांला दूरध्वनी केला. मी ती रांग उघडली. त्यांच्या संदेशासारखे आणखी छत्तीस जणांचे संदेश तेथे पडून होते. दर महिन्याचे, क्रमाने, एकही अक्षर न हरवता जपलेले.

कोष्टक दुरुस्त करावयास अर्धा तास लागला. त्या बाईंची क्षमा मागावयास मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. पाच महिने त्यांनी शेजाऱ्यांकडून उसने घेऊन घर चालविले होते, आणि त्याहून अधिक त्यांना एक गोष्ट लागली होती. त्या म्हणाल्या, 'पैसे मिळत नव्हते, त्याचे एवढे नाही. मी खोटे बोलते आहे, असे दोन्हीकडचे लोक मानू लागले होते, भैया.' यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

त्या दिवसापासून मी चार गोष्टी स्वतःसाठी नेमून घेतल्या, त्या आज तरुण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. पहिली, रूपांतराचे कोष्टक ज्यांचा तो व्यवहार आहे त्यांनी वाचलेच पाहिजे. ते केवळ संगणकवाल्यांच्या पेटीत राहू नये. दुसरी, प्रत्येक रूपांतर उलटे करून पाहावे, आणि परत आलेला उतारा मुळाशी ताडावा. हा गुरुजींचा खेळ. त्या कोष्टकावर मी तो खेळलो असतो, तर रिकामे आडनाव पहिल्याच दिवशी परत आले असते; मात्र परीक्षेत दोन शब्दांचे एक तरी नाव असावयास हवे होते. म्हणून तिसरी गोष्ट, परीक्षेसाठी आपल्यासारखी नसलेली माणसे मुद्दाम शोधावीत: एका शब्दाच्या नावाची, चार शब्दांच्या नावाची, वेगळ्या लिपीची. चौथी, जेथे न पोहोचलेले संदेश साठतात, तेथे रोज एका माणसाने जावे, आणि त्या माणसाचे नाव लेखी ठरलेले असावे. शेवटच्या मुक्कामाची पोच येईपर्यंत पडद्यावर हिरवी खूण उमटू देऊ नये.

मित्रहो, या शहरातील मराठी समाज हा स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या दुभाष्याचे काम करीत आला आहे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. आपण दोन्हीकडचे जाणतो, याचा आपल्याला थोडा गर्वही असतो. माझा अनुभव असा की, दुभाष्याची चूक बहुधा परक्या शब्दात होत नाही. परका शब्द आला की तो सावध होतो आणि विचारतो. चूक होते ती ज्या गोष्टी आपण जन्मापासून गृहीत धरल्या त्यांत. नाव तीन शब्दांचेच असते, असे मला कोणी शिकविले नव्हते. म्हणूनच मी ते कोणाला विचारले नाही.

गुरुजींचा खेळ संपला की एक शेवटचा भाग उरे. ज्या मुलाच्या भाषांतरात अर्थ निसटला असेल, त्याला ते उभे करीत आणि शिक्षा म्हणून नव्हे, तर शिक्षण म्हणून एकच प्रश्न विचारीत, 'ज्याने मूळ लिहिले, त्याला तू काय सांगशील?' आम्ही मान खाली घालून उभे राहत असू. त्या प्रश्नाचा पूर्ण अर्थ मला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी चहाचा पेला हातात धरून बसलो असताना कळला.